तक्त्यातली तुझी ओळ

प्रिय प्रदीप,

तळेगावला सगळे बरे असाल. इथं रोप वीतभर झालंय. या वर्षी मी भाताचा एक वाफा जास्तीच टाकलाय, का ते पुढं सांगते. आणि हो, तुझी अक्का आता साठीच्या तोंडावर कॉम्प्युटरवर तक्ते आखते, हसू नकोस! सूनबाईनं, तेजलनं, शिकवलं. रकाने किती, ओळी किती एवढं सांगायचं, की रेघा आपोआप येतात. वरची ओळ करड्या रंगानं भरायचा तर मला नादच लागलाय. अंगणवाडीच्या वह्यांवर तीस वर्षं पट्टी धरून रेघा मारल्या रे मी, बोटं वाकडी झाली.

सावडीचा तक्ताही आता माझ्याकडंच आहे. आज सगळ्यांनी मिळून एकाच्या खाचरात लावणी करायची, उद्या दुसऱ्याच्या, हे बाबांच्या वेळी तोंडीच ठरायचं. आता छापलेला कागद भैरवनाथाच्या देवळात लावतो आणि गाव त्या कागदावर चालतं. अक्कांचा तक्ता लय झ्याक, असं सावडीचे म्होरके श्रीपतीभाऊ चारचौघांत म्हणाले होते. खोटं कशाला बोलू, मी फुशारले होते.

गेल्या वर्षी तुला फोनवर बारा जुलै सांगितली ती मीच. तू कंपनीत रजा टाकून आलास, चिखलणी केलीस आणि दुपारपर्यंत बांधावर एकटा उभा राहिलास. कुणी फिरकलं नाही. मी लोणावळ्याला मीटिंगला गेलेले, परत येईतो तू निघून गेला होतास. तळेगावला राहायला गेलो म्हणून गावानं मला टाकलं, असं शेजारी सांगून गेलास. त्यानंतर माझा फोनही उचलला नाहीस. एकोणीस तारखेला तीस माणसं तुझ्या खाचरात आली आणि मालकच नाही बघून माघारी गेली. कंपनीवाल्याला माज आलाय, असं वर्षभर बोलतात.

प्रदीप, चूक गावाची नव्हती, तुझीही नव्हती. कागद छापण्याआधी तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून मी नावं बाराखडीप्रमाणे लावली, आणि निवडला नुसता नावांचा रकाना. नावं हलली, तारखा जागच्या जागी राहिल्या. तुझ्या बारा तारखेपुढं दुसऱ्याचंच नाव आलं, तू एकोणीसला गेलास. सगळं गाव कागदावर विसंबलं, तू एकटा माझ्या शब्दावर आलास. त्याच संध्याकाळी देवळात जाऊन कागद बघितला तेव्हा कळलं मला. पण जीभ उचलली नाही. लाज वाटली रे. माझी लाज राखायला वर्षभर तुला बोल खाऊ दिले.

काल सावडीची बैठक झाली. प्रदीपची ओळ काढून टाका, म्हणाले. ओळ पुसायला एक बटण पुरतं, हे मला ठाऊक आहे. मी उठले आणि भर देवळात सगळं सांगितलं. श्रीपतीभाऊ पहिला दिवस प्रदीपचा, एवढंच म्हणाले. तक्ता सोबत पाठवलाय. पहिली ओळ तुझी, सहा जुलै. नाव आणि तारीख बोट ठेवून चारदा ताडून बघितलीय. खाचर पड ठेवणार असंही तू तेव्हा शेजारी सांगून गेला होतास, म्हणून तुला न विचारताच तो जास्तीचा वाफा टाकला. ते रोप तुझं आहे. रागवायचं तर माझ्यावर रागव, पण ये. या वेळी बांधावर तुझ्या आधी मी उभी असेन.

तुझीच, चुकलेली,
नंदाअक्का