प्लाझ्मावर आत, एल.सी.डी.वर बाहेर

कोल्हापूर,
दि. ५ जुलै २००६

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणी धाकटा मेहुणा सयाजीचा साष्टांग नमस्कार.

आपण, आक्का आणि चि. छोटू खुशाल असाल असं धरून चालतो. छोटूचा खोकला थांबला का, ते कळवावं. इकडे आईचे गुडघे आहेत तसेच आहेत, आजीला ऐकू कमी येतं पण नको ते बरोबर येतं, आणि आण्णा महिनाभर कामापलीकडे माझ्याशी बोलत नव्हते. मात्र तो तब्येतीचा भाग नव्हे.

बाळासोंच्या स्वप्नालीशी माझं ठरत आलेलं लग्न एका टीव्हीवरून कसं काय अडलं, असं आपण आक्काकडून विचारलंत. हे फोनवर सांगता आलं असतं. पण गल्लीतला फोनबूथ बाळासोंचा आहे आणि घरातला मोबाईल आण्णांचा, आणि दोघांनाही शेजारी उभं राहून ऐकायची सवय आहे. म्हणून पत्र. (अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, म्हणजे आक्काला चष्मा शोधावा लागणार नाही.)

आमच्या तालमीतला टीव्ही आपण पाहिलाच आहे. पाठीमागं पोट सुटलेला, थाप मारल्याशिवाय न लागणारा. अलीकडे तर लागला तरी प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याची जुळी सावली उभी राहते. क्रिकेटला हे चालून जायचं. पण फुटबॉलला बावीस माणसं धावायला पाहिजेत तिथं आमच्याकडे चव्वेचाळीस धावायची, आणि वर्ल्ड कप तोंडावर आलेला. म्हणून मे महिन्यात ठरलं, की वर्गणी काढून भिंतीवर टांगायचा चपटा टीव्ही घ्यायचा. त्यात दोन जाती निघाल्या, प्लाझ्मा आणि एल.सी.डी. निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी बारावीच्या पुढं गेलो नसलो तरी फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाच्या बोर्डांवरची नावं तपासतो, त्यामुळं गल्लीत माझ्याबद्दल असा समज आहे, की हा छापलेलं सगळं वाचतो. समज खरा आहे. मी चार मासिकं वाचली.

प्लाझ्मात दोन काचांच्या मध्ये गॅस असतो आणि एल.सी.डी.मध्ये एक प्रकारचा द्रव, एवढं मी जेवताना सांगितलं. आजीनं विचारलं, गॅस संपला की नंबर लावाय लागतोय काय, आणि ते पातळ उन्हाळ्यात आटतंय काय. मी दोन्ही प्रश्न दुकानदाराला विचारले. (तो हसला, पण छातीठोक उत्तर त्यानंही दिलं नाही.) बाकी माझ्या वाचनाप्रमाणं प्लाझ्मावर काळं ते काळंच दिसतं, परंतु समोरची खिडकीसुद्धा त्यात दिसते, शिवाय एकच चित्र फार वेळ राहिलं तर त्याचा डाग उमटतो म्हणतात. एल.सी.डी. उजेडात चांगला आणि वजनाला हलका, परंतु बाजूला बसलं की रंग फिके पडतात आणि जोरात जाणाऱ्या वस्तूला शेपूट येतं. आता आमच्या तालमीला रस्त्याकडे मोठी खिडकी, आणि निम्मी माणसं बाजूला जिन्यावर बसतात. म्हणून मी बैठकीत निष्कर्ष सांगितला, की दिवसा एल.सी.डी. बरा, रात्री प्लाझ्मा बरा, जिन्यावरच्यांना रात्रंदिवस प्लाझ्मा बरा, मात्र खिडकी उघडी असल्यास पुन्हा विचार करावा लागेल. बाळासो म्हणाले, "बाबा, लग्नाला तरी एकच पोरगी बघितलीयास न्हवं?" सगळे हसले. मीही हसलो, कारण तेव्हा ते माझे होणारे सासरे होते.

मग राजारामपुरीतल्या एका दुकानात आम्ही तिघं गेलो, मी, आण्णा आणि बाळासो. दोन्ही टीव्ही शेजारी शेजारी लावलेले, दोन्हींवर मासे. माझी शंका शेपटाची, आणि माशाला शेपूट मुळातच असतं, त्यामुळं काही ठरेना. तेव्हा फुटबॉलचाच सामना लावून बघायचा, असं मी सुचवलं. तालमीच्या कपाटात एक जुनी कॅसेट होती, तिच्यावर नुसतं 'फायनल' लिहिलेलं. लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून मी तिची सी.डी. करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात नेली. आत काय आहे ते पाहून नेलं नाही. (घरी कुठं पाहणार? आपल्याला माहीतच आहे, की आजी मालिका सोडत नाही.)

दाजी, ती एक्क्याण्णव सालची फायनल निघाली.

आपण तेव्हा आमच्या घरात आला नव्हता, म्हणून सांगतो. तालमी-तालमींच्या फुटबॉलच्या त्या सामन्यात आमच्या तालमीचे गोलकीपर बाळासो आणि त्यांच्या पुढं बॅकला आण्णा. शेवटी शेवटी एक बॉल बाळासोंनी अगदी गोलच्या रेषेवर पकडला. ते म्हणाले बाहेर धरला. पलीकडच्या पेठेतले म्हणाले आत गेला. पंचांना दिसलं नव्हतं, म्हणून त्यांनी जवळ उभ्या असलेल्या आण्णांना विचारलं, आणि आण्णांनी आपल्याच तालमीविरुद्ध सांगितलं, "आत हाय." कप गेला. त्यानंतर दोघांनी हा विषय पंधरा वर्षं तोंडातून काढला नाही, म्हणूनच गोष्ट सोयरिकीपर्यंत आली होती. तो विषय मी दोन मोठ्या पडद्यांवर एकाच वेळी लावला.

आणि घडलं असं, की प्लाझ्मावर बॉल स्वच्छ रेषेच्या आत दिसला. एल.सी.डी.वर त्याच बॉलला शेपूट आलं, आणि ते शेपूट रेषेच्या बाहेर होतं. आण्णा म्हणाले, "हाच टीव्ही खरा." बाळासो म्हणाले, "तो टीव्ही तुझ्यासारखाच हाय, घरच्यांवर उलटणारा." दुकानदारानं पुन्हा मासे लावले, पण उशीर झाला होता.

त्या दिवसापासून गल्लीत प्लाझ्मावाले आणि एल.सी.डी.वाले असे दोन गट पडले. ज्यांनी दोन्ही पाहिले नव्हते ते जास्त भांडत होते. बाळासोंनी निरोप पाठवला, की ज्या घराला प्लाझ्मा पटतो त्या घरात माझी पोरगी जाणार नाही. आण्णांनी उलट निरोप दिला, की ज्याला आतलं-बाहेरचं कळत नाही त्याची पोरगी आम्हालाही नको. (दोन्ही निरोप मलाच पोचवावे लागले.) स्वप्नाली दुपारची बूथवर बसते, तिला भेटलो तर तिनं एवढंच विचारलं, "तुला कुठं दिसला?" मी म्हणालो, विचार करून सांगतो. हे उत्तर चुकलं, ते तिनं दुसऱ्या दिवसापासून बूथवर आईला बसवलं तेव्हा लक्षात आलं. पुढच्याच आठवड्यात कागलचं एक स्थळ तिला पाहून गेलं. मुलगा साखर कारखान्यात आहे आणि फुटबॉल अजिबात बघत नाही, ही त्याची मुख्य पात्रता. दाजी, तो महिना मला जेवण गेलं नाही.

टीव्ही काही आला नाही. वर्ल्ड कप आतापर्यंत जुन्यावरच बघितला. शुक्रवारी अर्जेंटिना गेली, शनिवारी ब्राझील गेलं, आणि गल्लीत घराघरातला माणूस गेल्यासारखं झालं. रविवारी एकही सामना नव्हता. तालमीत सगळे सवयीनं येऊन बसले होते, आण्णा एका कोपऱ्यात, बाळासो दुसऱ्या. बघायला काही नाही म्हणून पोरांनी कपाटातली सी.डी. लावली. मी बंद करायला धावलो, पण आण्णांनी हात आडवा घातला.

बॉल आला. जुन्या टीव्हीवर तो दोन दिसला. एक रेषेच्या आत, त्याची सावली रेषेच्या बाहेर.

पोरांनी तेवढंच पुन्हा लावलं. मग आण्णा म्हणाले, "बाळ्या, बॉल दोन हायत की."

"व्हय. एक आत, एक भाईर."

"तू कुठला धरलास?"

"भाईरचा."

"मी आतला बघितला."

"मग रेफ्रीनं एकच कसा मोजला?" बाळासो म्हणाले, आणि दोघं उठून एका बाकावर बसले. संध्याकाळभर दोघांनी मिळून त्या रेफ्रीला शिव्या दिल्या. (रेफ्री आता हयात नाहीत, त्यामुळं कुणाचं मन दुखावलं नाही.) कालच सुपारी फुटली. लग्न मार्गशीर्षात आहे. आपण आणि आक्का आठ दिवस आधी यावं, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
सयाजी

ता.क. तालमीतला टीव्ही काल शेवटची थाप खाऊन बंद पडला. मेकॅनिक म्हणतो, आता उठणार नाही. इकडे बाळासोंनी जाहीर केलंय, की लग्नाच्या आदल्या रात्री तालमीत सगळ्या पाहुण्यांना ती सी.डी. दाखवायची. आपण पुण्यात आहात, तिथल्या जुन्या बाजारात तसाच टीव्ही मिळेल. कृपया चांगला घेऊ नये. माणसाशेजारी सावली दिसते का, हे उभं राहून तपासून घ्यावं, आणि सावली डाव्या बाजूलाच पडते याची खात्री करावी. उजवीकडे पडल्यास दोन्ही बॉल आत जातात.

ता.क. २. एक सांगायचं राहिलं. सोमवारी बाळासोंनी मला बूथमध्ये ओढून दार लावलं आणि म्हणाले, जावईबापू, प्लाझ्मावर बघितलं त्याच दिवशी मला पटलं, बॉल आतच होता, पण आण्णाला सांगू नगोस. मंगळवारी आण्णा गोठ्यात म्हणाले, खरं तर मला तेव्हा उन्हात नीट दिसलंच न्हवतं, बाहेर असंल बी, पण बाळ्याला सांगू नगोस. त्यामुळं टीव्ही दोष असलेलाच मिळणं आता फार गरजेचं झालं आहे.

ता.क. ३. हे पत्र आक्काला वाचू देऊ नये. ती आईला सांगेल. अक्षर मोठं काढलंय, हे आत्ता ध्यानात आलं.