हेडवरचं कुंकू

मंगळवार, दिवेलागण. नारायणगाव.

कांतीशेठच्या गेलेल्या लेकीनं जुन्या कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं एकाच फ्लॉपीत होती. त्यांनी ती कॉपी करायला माझ्याकडे दिली. आज घातली तर ड्राइव्ह खरखरला. केबल बदलली, कार्ड बदललं, पुन्हा पुन्हा घातली. आधी उघडून बघायचं सुचू नये मला? फ्लॉपी वाचणाऱ्या हेडवर कुंकू! दसऱ्याला हिनं दुकानातल्या मशिनींची पूजा केली, तेव्हा फटीतून आत गेलं असणार. तेच घासून फ्लॉपी पार सोलली. चित्रं गेली.

"आली का वं पोरीची चित्रं?" हिनं चहा देताना विचारलं. "मी त्या मशिनला हात जोडलं व्हतं."

"न्हाई. फ्लॉपीच जुनी," म्हणालो.

कांतीशेठना उद्या खरं सांगायलाच हवं. पण ते आले की ही समोरच बसते, पोरीच्या आठवणी काढत.