सहाव्या आणि आठव्या दिवसाची सुट्टी

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन सात महिने झाले आणि पत्र आज लिहितेय. कोथरूडच्या क्लासमध्ये सहावीच्या तीन बॅचेस घेऊन वाघोलीला परत आले, अंगात त्राण नाही. पण उद्यावर टाकलं तर लिहिणं होणार नाही.

आज सहमूळ संख्या शिकवत होते. ज्या दोन संख्यांना एकशिवाय सामाईक विभाजक नसतो, त्या सहमूळ. डोक्यात शिरावं म्हणून फळ्यावर सलग दिवस मांडले. एकाला दर सहाव्या दिवशी सुट्टी: दोन, आठ, चौदा, वीस. दुसऱ्याला दर आठव्या: एक, नऊ, सतरा. आकडे कुठून सुचले ते तेव्हा कळलं नाही.

एक मुलगी म्हणाली, "मॅम, हे कधी एकत्र येणारच नाहीत. एकाची कायम सम, दुसऱ्याची कायम विषम."

"बरोबर," मी म्हणाले. "सहा आणि आठ, दोघांनाही दोनने भाग जातो. पाच आणि आठ सहमूळ आहेत, ते कधी ना कधी भेटतातच." आणि मग ते आकडे कुठून आले ते मला कळलं.

आई हॉस्पिटलात आया, तिला सहाव्या दिवशी सुट्टी. तुम्ही खराडीत कंपनीच्या गेटवर, तुम्हाला आठव्या. कधी एका दिवसाने हुकायची, कधी तीन दिवसांनी. यवतमाळहून आल्यापासून मला एकच हवं होतं, तिघांनी मिळून सारसबागेत जायचं. "जाऊ नं व माय, पुढच्या सुट्टीले," तुम्ही म्हणायचात. किती वर्षं म्हणालात? सहावीत असताना मी तोंडावर म्हणाले, "तुम्हाला आमच्यासोबत यायचंच नाही." तुम्ही डबा उचलून ड्यूटीवर गेलात. रागवायचं तरी होतंत माझ्यावर!

आई आता माझ्याकडेच असते. मघाशी तिला विचारलं, बाबांनी सुट्टी बदलून का नाही मागितली?

मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "मागतली होती नं. सुपरवायझरले हात जोडले. दोन दिवस पुढं करून देल्ली त्यानं. तरी जमलं नाही. मंग म्हणे, आपलं नशीबच तसं."

दोन दिवस, बाबा. विषममध्ये दोन मिळवले तरी विषमच राहतं. एकच दिवस मागितला असतात तर जमलं असतं. पण हे तुम्हाला कोण सांगणार होतं? घरात गणित येणारी मी एकटीच, आणि मी तुमच्याशी धड बोलत नव्हते.

लग्न ठरताना नवऱ्याला मी सांगितलं, बाबांना आमच्यासाठी कधी वेळ नव्हता. तुमच्या तेरवीला मावशीलाही तेच सांगितलं. आई शेजारीच होती, ती उठून पानं वाढायला गेली. तुमच्यासारखीच.

ज्यांना ज्यांना हे सांगितलं, त्यांना एकेकाला गाठून खरं काय ते सांगेन. मावशीला उद्या फोन करते. नवरा आठ वाजता येईल, त्याच्यापासून सुरुवात करते.

तुमची,
वैशाली