माझ्या नावचा नकार

४ नोव्हेंबर १९६३, सोमवार
गव्हाणला पोचले तेव्हा मूल जन्मलं होतं. आणि गेलंही होतं. बैलगाडीनं तीन तास. बाळंतिणीची सासू एवढंच म्हणाली, "बाय, तू येशील म्हनून आमी दुसऱ्या कुनाला हात लावू दिला नाय." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

६ नोव्हें., बुध.
डॉ.ना सगळं सांगितलं. त्यांनी ड्रॉवरमधून रंगीत पत्रक काढलं. नवी हलकी मोटारसायकल, पहिल्यांदाच शिकणाऱ्यांसाठी. वजन कमी, सीट खाली. म्हणाले, "दवाखान्याच्या ट्रस्टकडे मागतो. खेड्यांवर नर्स म्हणून तुम्ही जाता, तेव्हा गाडी तुमचीच. फक्त चालवायला शिका." मी हसले. ते हसले नाहीत. सात वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. नर्सिंगला घातलं तेही त्यांनीच. बोलले म्हणजे करणार.

१७ नोव्हें., रवि.
हमरस्त्यावरचे गॅरेजवाले हसनमियाँ शिकवतायत. त्यांच्या जावयाकडे अगदी तीच गाडी आहे. आईचं नऊवारी नेसून गेले. आधी तिचं "लोक काय म्हणतील" चाललं होतं, मग कासोटा तिनंच घट्ट करून दिला.
"बेटी, क्लच सोडायचा म्हणजे झोपलेल्या लेकराखालून हात काढायचा. बस, तसा."
दोनदा पडले. कोपर सोललं. तिसऱ्यांदा थेट गाढी नदीच्या पुलापर्यंत!

१० डिसें., मंगळ.
लायसन्स मिळालं. इन्स्पेक्टरनं आठचा आकडा काढायला लावला, दोनदा. दुसऱ्यांदा बहुतेक त्याला मजा वाटली म्हणून. डॉ.ना दाखवलं. "वा," म्हणाले आणि पेशंट बघायला गेले.

९ मार्च १९६४, सोम.
गाडी आली. लाल. हार, नारळ, पेढे. किल्ली मात्र कंपाउंडर काळ्यांच्या हातात. वाटलं, पूजेपुरती असेल. ट्रस्टचे सेक्रेटरी माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही आपणहून नको म्हणालात ते बरं केलंत. बाईमाणसाला झेपत नाही हे."
"मी नको म्हणाले?"
"डॉक्टरांच्या पत्रात आहे ना. दोनदा विचारलं, दोनदा तुमचा नकार."
डॉ. खाली वाकून नारळाच्या शेंड्या गोळा करत होते. सात वर्षांत त्यांना केर उचलताना पाहिलं नव्हतं.

१० मार्च
दार लावून घेतलं आणि विचारलं. म्हणाले, "तुमचं नाव घातलं असतं तर ट्रस्टींनी गाडीच दिली नसती."
"मग 'बाईला गाडी नको' असं तुम्ही लिहायचं होतं. तुमच्या नावावर. माझं तोंड कशाला वापरलंत?"
त्यांनी ड्रॉवर उघडून बंद केला. मग हळूच, "तुम्ही खरंच शिकाल असं वाटलं नव्हतं."
हे जास्त लागलं. म्हणजे पत्रक दाखवलं, तेव्हाच...

२६ मार्च, गुरु.
काळे एकदा नाल्यात गेले, तेव्हापासून गाडीला शिवत नाहीत. गाडी ताडपत्रीखाली. मी बैलगाडीत. डॉ.शी कामापुरतं बोलते. आईला अजून सांगितलेलं नाही, ती शेजारणींना "आमच्या कमळची गाडी" म्हणून दाखवून आली.

९ एप्रिल, गुरु.
दु. बारा. वहाळहून माणूस सायकल हाणत आला. बायकोच्या कळा पहाटेपासून, "पाय आधी दिसतोय, बाय." डॉ. अलिबागला. किल्ली काळ्यांच्या टेबलावर. मागितली नाही, उचलली. काळे भिंतीकडे बघत म्हणाले, "मी काही पाहिलं नाही, बाई."
चाळीस मिनिटांत पोचले. मुलगी, पायाळू. निळी पडली होती, उलटी धरून पाठ चोळली, मग रडली. दोघी ठीक. परत येताना गाडीवर बसवेना, अर्धा मैल ढकलत आणली.

१३ एप्रिल, सोम.
वहाळची बातमी ट्रस्टींपर्यंत गेली. सेक्रेटरी खूश आहेत, पण विचारतायत, नको म्हणणाऱ्या बाई शिकल्या कधी? डॉ.नी टाइप केलेला कागद पुढे ठेवला. 'मी पूर्वी नकार दिला होता. डॉक्टरांच्या प्रोत्साहनाने आता विचार बदलला आहे.' खाली सहीची जागा.
"सही करा, गाडी उद्यापासून तुमची. नाही केलीत तर मला जावं लागेल. नवा डॉक्टर तुम्हाला गाडी देईल का, तुम्हीच बघा."
आईला आज सगळं सांगितलं. म्हणाली, "कर सही. खोटं त्याचं आहे, पोरं तर जगतील." हसनमियाँ म्हणाले, "मी नसती केली. पण मी पुरुष आहे बेटी, मला असा कागद कोण देतो?"

१४ एप्रिल, मंगळ.
स. साडेसात. कागद पर्समध्ये, सही अजून केलेली नाही. दहाला डॉ.ना हवाय. पण आत्ताच उलव्याहून एक जण दारात आलाय, पहिलटकरणीला कळा सुरू. किल्ली आता डॉ.च्या ड्रॉवरमध्ये असते, सहीशिवाय द्यायचे नाहीत. त्याला म्हटलं, दवाखान्यापर्यंत बरोबर चल, पुढे कशानं जायचं ते तिथं ठरेल.