पत्रिकांचा धंदा, दुसऱ्यांदा

३ फेब्रुवारी
माझ्या चहाच्या कपात आज पाकिटं चिकटवायची खळ आढळली. लेखी निषेध नोंदवतो. तोंडी नोंदवून झाला. बायको म्हणाली, "कपाची काही तक्रार नाही, तुमचीच आहे." न्यायशास्त्रात याला उत्तर नाही!

कारण उघड आहे. लग्नपत्रिकांचा धंदा पुन्हा सुरू झालाय. एकोणीस वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नासाठी याच जेवणाच्या टेबलावर सुरू केला होता. बायको नक्षी काढून छापायची, मी मजकूर लिहायचो. पुढे लोक फोनवरच आमंत्रणं धाडू लागले. सहा वर्षांपूर्वी धंदा सन्मानानं निजधामास गेला. आता तिनंच तो उकरून काढलाय — तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन सतरा दिवसांवर असताना.

४ फेब्रुवारी
डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. तिच्या मते विश्रांती म्हणजे बसून करायची कामं.

७ फेब्रुवारी
पहिलं गिऱ्हाईक: कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची मुलगी. दोनशे पत्रिका, हातानं छापलेल्या. मी अनुष्टुभात चार चरण रचून दिले. बायकोनं चष्मा लावून वाचले. "अहो, लोकांना लग्नाला बोलवायचंय, परीक्षेला नाही."
चारही चरण गेले. उरलं ते "नक्की या". मुलीला फार आवडलं. बावीस वर्षं संस्कृत शिकवल्याचं हे फळ.

१० फेब्रुवारी
छपाईही आता मीच करायची म्हणे. जाळीची चौकट कागदावर टेकवायची, वर शाई, आणि रबरी पट्टी एका दमात खाली ओढायची. तिसऱ्या पत्रिकेवर मला शिंक आली.
"शिंक नंतर! पट्टी थांबली की डाग पडतो."
"अगं, मग तूच ओढ ना."
"मी बघते. तुम्ही ओढा."
अकरा पत्रिका वाया. बारावीला "बरी आहे" असा शेरा मिळाला. लग्नानंतरचा पहिलाच!

१४ फेब्रुवारी
घड्या. नखानं दाबायच्या नाहीत, पट्टीनं. शाईची प्रमाणं तिनं वहीत लिहिली, कागदवाल्याचा नंबर कपाटाच्या दारावर. "विसराल म्हणून." मी काय विसरतो! वही कुठली, एवढंच विचारावं लागलं.

१७ फेब्रुवारी
दोनशे पत्रिका पुऱ्या. त्यातल्या एकशे साठ माझ्या हातच्या. औषधवाला म्हणाला, "वहिनींचा हात अजून तसाच आहे हो!" ती माझ्याकडे बघून हसली. मी फुगून गठ्ठे बांधले.
एप्रिलची दोन कामं घेतलीन तिनं. छान झालं. एप्रिलचं घेते आहे म्हणजे मनानं खंबीर आहे. मी उगाच काळजी करत होतो.

१९ फेब्रुवारी
तिला सकाळी दवाखान्यात दाखल केलं. ऑपरेशन उद्या.
घरी आलो तोच एप्रिलच्या नवरदेवाच्या वडिलांचा फोन. "बाई म्हणाल्या होत्या, एप्रिलपासून सगळं तुम्हीच एकटे बघणार. म्हणून तुम्हालाच विचारतो — रंग कोणता ठेवायचा?"
"मरून," म्हणालो. लिहून घेतलं.
आपण परत येऊ असं तिला वाटत नाहीये. मला फार भीती वाटते.