आमच्यात बुधवारी निघत नाहीत

प्रिय ऊर्मी,

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, आई असती तर तिनेही तारीख बदलूनच घेतली असती ना?" आणि मी नेहमीसारखं "तुला पटेल तसं कर" म्हणून मोकळा झालो. क्षितिजच्या कानाचं ऑपरेशन, टोरांटोची तारीख बुधवारची, म्हणजे घरून निघायचंही बुधवारीच. ती सोडली तर पुढची चार महिन्यांनी, आणि पोराला आत्ताच हाक ऐकू येत नाही. मागून शंतनु ओरडत होता, "अगं, इंजिनिअर आहेस ना तू?" नवऱ्याला सांग, याचा शिक्षणाशी काही संबंध नाही. तुझी आई केमिस्ट्रीची एम.एस्सी. होती.

एडमंटनमधला आपला पहिला हिवाळा. तू सहा वर्षांची. नाताळच्या सुट्टीत कॅलगरीला सूर्यकांतकाकांकडे बारसं होतं. आई पैठणीवर जाडजूड जॅकेट चढवून दारात उभी, तू बूट घालून तयार. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढून आत आलो तो घाबरूनच. बर्फात हायवेवर गाडी कधी चालवली नव्हती. भीती वाटते, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "आज बुधवार. आमच्यात बुधवारी प्रवासाला निघत नाहीत." आमच्यात असं काहीही नव्हतं. आई म्हणाली, "तुमच्यात आणखी काय काय आहे ते एकदाच सांगून टाक, लिहून ठेवते," आणि पाय आपटत पैठणी बदलायला गेली. संध्याकाळी टीव्हीवर त्याच हायवेवर पस्तीस गाड्या एकमेकींवर आदळलेल्या दिसल्या. त्यानंतर बुधवारवरून तिने कधी वाद घातला नाही.

तिने आधी ती सासरची रीत म्हणून ऐकली, मग अपघात बघून मानली. तू मानलीस ती आईची म्हणून. मी आधी लाजेने गप्प होतो, पुढे तिचा एवढा विश्वास बघून. दहाएक वर्षांनी तर ऑफिसच्या कामासाठी बुधवारी निघताना मलाच धाकधूक व्हायला लागली. स्वतः रचलेली गोष्ट, माहीत असूनही.

एवढं फोनवर सांगता आलं असतं. पुढचं बोलता येत नाही, म्हणून ईमेल लिहितोय. आईच्या शेवटच्या आजारात कॅलगरीच्या तपासणीची जी पहिली तारीख मिळाली होती, ती बुधवारची होती. तिने ती बदलून घेतली. दुसरी मिळाली अकरा आठवड्यांनी. फोन ठेवून ती म्हणाली, "तुमच्यातलं तुझ्यापेक्षा मीच जास्त पाळते." मी तिथेच, स्वयंपाकघरात उभा होतो. मी हसलो. त्या अकरा आठवड्यांनी फरक पडला असता का, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही. मलाही येत नाही. हॉस्पिटल क्षितिजची तारीख उद्या दुपारपर्यंतच राखून ठेवणार आहे. हे वाचून झालं की आधी त्यांना फोन कर. मला नंतर कर, किंवा करू नकोस.

उशिरा बोललेला, तुझाच
बाबा