रिकामा पाळणा हलवत नाहीत

सोमवार, ३ तारीख

डोकं फिरलंय माझं! टाकून दिलेल्या लेकरांसाठी प्रार्थनाघरवाल्यांनी संस्था काढलीय. दारात पाळणा बसवणार. चांगलंच आहे, नाही कोण म्हणतं. पण आज तिथं झाडत होते तर अध्यक्षबाईंनी हाक मारली. "अगं, उद्घाटनाला रिकामा पाळणा हलवू नये, अशुभ असतं. तुझी छकुली दे तासभर."

माझी? मी जिवंत उभी आहे की समोर, झाडू घेऊन!

"मनाला लावून घेऊ नकोस. देवाचं काम आहे."

देवाचं नाव काढलं की आमचं तोंड बंद.

मंगळवार, ४

सासूला सांगितलं. म्हणते, "आवारातली ही खोली कुणाची? त्यांची. मुलगा माझा परागंदा झाला, आता तूही आण आम्हाला रस्त्यावर. तासाभरात पोर काही झिजत नाही."

झिजत नाही म्हणे! कुणा मोठ्या घरच्या बाईला आवडली तर? मागून घेतली तर? माझं कोण ऐकणार?

बुधवार, ५

पाळण्याला निळा रंग दिला. मी विचारलं, खरंच लेकरू आलं तर पाजणार कोण? दूध कुठंय, बाटली कुठंय? चिटणीस म्हणाले, "ते पुढच्या बैठकीत." पाटी मात्र आली! दगडाची, सगळ्यांची नावं कोरलेली. वरातीमागून घोडं ऐकलं होतं. इथं घोडंच नाही!

शुक्रवार, ७

हो म्हणाले मी. खोलीपायी.

रविवार, ९

झालं उद्घाटन. मला बजावलेलं — मागं उभी राहा, आई म्हणून पुढं यायचं नाही. छकुलीला नवं झबलं चढवलं. माइकवर म्हणाले, "हे अनाथ बालक..." बायका डोळे पुसतायत. तेवढ्यात छकुलीनं भोकाड पसरलं. भूक लागली होती. अध्यक्षबाई खुळखुळा वाजवतायत. खुळखुळ्यानं पोट भरतं का? माझा पदर दुधानं भिजला.

शेजारी एक पोरगी उभी होती, माझ्याहून लहान. विटक्या पिवळ्या शालीत तान्हं बाळ. हळूच म्हणाली, "ताई, इथं ठेवलं तर दूध कोण पाजतं हो?"

टाळकंच सरकलं माझं. "कोणी नाही! ती माझी आहे, मीच पाजते!"

तशीच पुढं गेले, उचलली, त्यांच्याकडं पाठ केली आणि पाजली.

अध्यक्षबाई दातओठ खात म्हणाल्या, "शोभा केलीस आमची."

"शोभेलाच नेली होती ना तिला!"

संध्याकाळी निरोप आला, उद्या खोली खाली करा. सासूनं कपाळ बडवून घेतलं. तोंडाला तोंड देऊन आता जाऊ कुठं मी?

सोमवार, १०

बोचकी बांधून दार उघडलं. समोर त्यांचा पाळणा, रिकामा. आमच्या उंबऱ्यात पिवळी शाल. हलतेय.

सासू शालीकडं बघत राहिली. मग हातातलं बोचकं खाली ठेवलं.

"उभी काय राहिलीस? घे त्याला. भुकेलंय."